मत कुणाला दिलं, गेलं कुठं?

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेच्या उमेदवारांना महाराष्ट्रात ९० लाख ४९ हजार ७८९ मतं पडली. ती देणाऱ्यांपैकी कुणी युतीचं सरकार हवं म्हणून दिली, कुणी बाळासाहेब ठाकरेंना स्मरून, तर कुणी रात्री-अपरात्री दवाखान्यात सोबत येणाऱ्या शाखाप्रमुखाकडे पाहून. सव्वातीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी २०२३ रोजी, हीच मतं निवडणूक आयोगाच्या निकालपत्रात पुन्हा मोजली गेली. शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण कुणाचा, हे ठरवताना आयोगाने हिशेब मांडला. फुटीच्या वेळच्या ५५ आमदारांची मतं ४७ लाख ८२ हजार ४४०. त्यातली ३६ लाख ५७ हजार ३२७ एकनाथ शिंदे यांच्यासोबतच्या ४० आमदारांची, म्हणजे सुमारे ७६ टक्के. पराभूत उमेदवारांसह पक्षाची सगळी मतं धरली तर हेच प्रमाण ४० टक्क्यांवर येतं, हेही त्याच निकालपत्रात आहे. नाव आणि चिन्ह शिंदे गटाला मिळालं.

या निकालाच्या कायदेशीर बाजूवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि उद्धव ठाकरे त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयातही गेले. मला त्यातली दुसरीच गोष्ट छळते. २१ ऑक्टोबर २०१९ ला ज्याने बटण दाबलं त्याने एक आमदार निवडला होता. उद्या पक्ष फुटला तर तू कुणाच्या बाजूचा, हा प्रश्न त्या यंत्रावर नव्हता. तरीही त्याचं मत एका बाजूच्या खात्यात जमा झालं. तो माणूस दुसऱ्या बाजूचा असू शकेल, दोन्ही बाजूंना विटलेलाही असू शकेल. त्याला कुणी विचारलं नाही आणि विचारण्याची कायद्यात सोयही नाही.

गेली काही वर्षं राज्यात कुठेही गेलं तरी एसटीत, पारावर, लग्नाच्या पंगतीत एक प्रश्न ऐकू येतो: मत कुणाला दिलं आणि गेलं कुठं? विचारणारे सगळे एका पक्षाचे नसतात. बरेच जण आता कुठल्याच पक्षाचे नसतात. या लेखात त्यांना मी राजकीयदृष्ट्या बेघर म्हणतो आहे.

२०१९ च्या त्या एका मताचा प्रवास पाहा. निकाल लागला तेव्हा भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. भाजप-शिवसेना युतीला स्पष्ट बहुमत होतं, पण ती तुटली. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला आणि २६ ला ते सरकार गेलं. २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांनी काँग्रेस-राष्ट्रवादीसोबतच्या महाविकास आघाडीचे मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. जून २०२२ मध्ये शिंदेंसोबत सेनेचे आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला, आणि ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. २ जुलै २०२३ ला अजित पवार आणि त्यांचे सहकारी त्याच सरकारात गेले. एकाच विधानसभेच्या काळात तीन मुख्यमंत्री झाले आणि चारही मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत बसले. म्हणजे २०१९ मध्ये कुणीही कुणालाही मत दिलेलं असो, ज्याला सत्तेबाहेर ठेवण्यासाठी ते दिलं, तो पक्ष त्या पाच वर्षांत सत्तेवर आलाच.

यात एकाच पक्षाचा मतदार पोळला असं समजणं चूक आहे. सिंचन घोटाळ्याचे आरोप वर्षानुवर्षं ऐकून ज्याने भाजपला मत दिलं, त्याला अजित पवार उपमुख्यमंत्रिपदी दिसले. नांदेडच्या काँग्रेसवाल्याने पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराण्याकडे पाहून मत दिलं, त्यातले अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले. मनसेच्या मतदाराने २०१९ ला राज ठाकरे यांच्या सभांत मोदी सरकारविरोधातल्या चित्रफिती पाहिल्या आणि २०२४ ला त्याच सरकारला बिनशर्त पाठिंबा दिल्याचं ऐकलं. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, पण यातला कुणीही स्वतःच्या जागेवरून हलला नव्हता.

कुंपणावरचा मतदार निराळा. कुणाला द्यावं हे त्याचं अजून ठरलेलं नसतं आणि प्रचार त्याच्यासाठीच असतो. बेघर मतदाराचं ठरलेलं होतं. त्याने सभांना खुर्च्या मांडल्या, सतरंज्या उचलल्या, भावकीत वाद घातले. त्याच्या घरात कुणाला मत द्यायचं हे विचारावं लागत नसे.

लालबाग-परळमध्ये हे फार लखलखीत दिसतं. या भागातल्या माणसाला पक्ष बदलणं नवं नाही. इथे लाल बावट्याचं राज्य होतं. १९७० च्या पोटनिवडणुकीत इथूनच वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. १९८२ च्या गिरणी संपानंतर, १९८४ च्या काँग्रेस लाटेतही, इथल्या कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांना लोकसभेत पाठवलं. नंतर इथला मतदार पुन्हा सेनेकडे वळला. तेव्हाचे ते बदल मतदाराने केले होते. त्याची गिरणी बंद पडली, पोरं बेकार झाली आणि त्याने आपला कौल बदलला. इथल्या एका निवृत्त गिरणी कामगाराशी बोलताना मला हा फरक नीट उमगला. जन्मभर आपण पक्ष सोडले, यावेळी पक्षाने आपल्याला सोडलं, असं त्यांचं म्हणणं होतं. चाळीतल्या एका मजल्यावर ठाकरेंची मशाल आणि दुसऱ्या मजल्यावर शिंदेंचा धनुष्यबाण आहे, आणि गणपतीची वर्गणी मागायला कुणी जायचं यावरही आता ताण येतो. त्यांचा स्वतःचा राग शिंदेंवर होता, पण २०१९ ला काँग्रेसबरोबर बसणाऱ्या ठाकरेंवरही होता. दोन्ही राग खरे असलेल्या माणसाने कुठलं बटण दाबावं?

*

या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला साताऱ्यात सापडलं.

मे २०१९ मध्ये उदयनराजे भोसले साताऱ्यातून राष्ट्रवादीचे खासदार म्हणून निवडून आले. चार महिन्यांत त्यांना भाजपमध्ये जावंसं वाटलं. त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला, पक्ष बदलला आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत पुन्हा मतदारांसमोर उभे राहिले. त्याच निवडणुकीत १८ ऑक्टोबरला शरद पवारांची ती पावसातली सभा झाली. श्रीनिवास पाटील ८७ हजार ७१७ मतांनी जिंकले, उदयनराजे हरले. पुढे २०२४ मध्ये उदयनराजे पुन्हा भाजपकडून उभे राहिले आणि त्यांनी शशिकांत शिंदे यांचा ३२ हजार ७७१ मतांनी पराभव केला.

त्या दुसऱ्या निकालाला एक दुखरी किनार आहे. शरद पवारांच्या पक्षाला फुटीनंतर ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे नवं चिन्ह मिळालं होतं. यंत्रावर एका अपक्षाचंही चिन्ह होतं आणि चिन्हांच्या यादीत त्याचं नावही तुतारी असंच होतं. त्या अपक्षाला ३७ हजार ६२ मतं पडली, विजयाच्या फरकापेक्षा जास्त. दिंडोरीत तर असंच चिन्ह असलेल्या अपक्षाला लाखाच्या वर मतं मिळाली. तिथे पवारांच्या पक्षाचे भास्कर भगरे तरीही निवडून आले. ही सगळी मतं गोंधळातूनच पडली असं सिद्ध करता येणार नाही. पण वर्षानुवर्षं राष्ट्रवादीचं घड्याळ शोधणाऱ्या बोटाला नवं चिन्ह शोधताना काय झालं असेल, याचा अंदाज कुणालाही येईल. पक्ष फुटला की चिन्ह जातं, आणि कमी शिकलेल्या, म्हाताऱ्या मतदाराची पक्षाशी असलेली ओळख चिन्हातूनच असते.

तरीही २०१९ च्या साताऱ्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. तिथे एका नेत्याला पक्ष बदलावासा वाटला, त्याने मतदाराला विचारलं आणि मतदाराने उत्तर दिलं. पाच वर्षांनी पुन्हा विचारलं, उत्तर बदललं. कुणाला ती उत्तरं पटोत न पटोत, साताऱ्याच्या मतदाराला परस्पर कुणी विकलं असं म्हणता येत नाही. २०२२ आणि २०२३ मध्ये जे आमदार इकडून तिकडे गेले, त्यांच्यापैकी कुणीही राजीनामा देऊन मतदाराकडे गेला नाही. तसं करायची त्यांना गरजच पडली नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदाराला विचारलंच की! महायुतीतल्या भाजपला १३२, शिंदेंच्या शिवसेनेला ५७, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. मग तक्रार कशाची? तक्रार मधल्या काळाची आहे. जून २०२२ ते नोव्हेंबर २०२४ ही जवळजवळ अडीच वर्षं सरकार चाललं, निर्णय झाले, निधी वाटला गेला, आणि हे सगळं मतदाराने न दिलेल्या कौलावर. सत्तेत अडीच वर्षं बसून, हातात योजना आणि तिजोरी असताना मागितलेला कौल आणि राजीनामा देऊन मोकळ्या हाताने मागितलेला कौल यांना एकाच तराजूत तोलता येत नाही. शिवाय त्याच मतदाराने त्याच वर्षीच्या लोकसभेला ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला दिल्या होत्या. नांदेडमध्ये तर नोव्हेंबरच्या एकाच दिवशी लोकांनी दोन मतं दिली. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १ हजार ४५७ मतांनी निवडून आले आणि त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीने जिंकल्या. पक्षाचा आधार सुटलेला मतदार भांबावलेला असतो हा समज नांदेडने खोटा ठरवला. प्रश्न स्पष्ट विचारला की तो अतिशय नेमकं उत्तर देतो.

*

कायदा काय म्हणतो, हे इथे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बेघरपणाचं मूळ तिथे आहे.

१९६७ च्या निवडणुकांनंतर देशभर पक्षांतरांचा सुळसुळाट झाला. हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द तिथून भारतभर गेला. लोकसभेने डिसेंबर १९६७ मध्ये ठराव करून समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. समितीला आढळलं की पक्षांतर केलेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना त्यांच्याच मदतीने आलेल्या सरकारांत मंत्रिपदं मिळाली होती. निम्म्याहून जास्त! समितीने १९६९ मध्ये शिफारस केली: पक्ष सोडणाऱ्याला वर्षभर, किंवा राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्रिपद मिळू नये. विचार सरळ होता. पक्षांतराचं कारण पद असेल तर आधी पदाचा मोह तोडावा आणि निर्णय मतदाराकडे परत न्यावा.

कायदा व्हायला १९८५ उजाडलं. राजीव गांधींच्या सरकारने ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आणलं. एकट्यादुकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाईल, पण एक तृतीयांश जण एकत्र गेले तर ती फूट मानली जाईल आणि सदस्यत्व वाचेल, दोन तृतीयांश गेले तर विलीनीकरण. मधू लिमये यांच्यासारख्या जाणत्या संसदपटूने तेव्हाच या कायद्याला विरोध केला होता. २००३ मध्ये ९१ व्या दुरुस्तीने एक तृतीयांशाची सवलत काढली, विलीनीकरणाची ठेवली. अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येणार नाही, ही तरतूदही त्याच दुरुस्तीत आली. चव्हाण समितीचा विचार अखेर कायद्यात उतरला, पण त्याला एक अट जोडली गेली: आधी अपात्र ठरायला हवं. ते ठरवणार सभागृहाचे अध्यक्ष, आणि अध्यक्ष निवडून येतात सत्ताधारी बहुमतावर.

महाराष्ट्रात काय झालं ते आपण पाहिलं. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी बहुमत चाचणी घ्यायला सांगणं गैर ठरवलं, प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे असं सांगितलं, आणि उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही असंही सांगितलं. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला. १० जानेवारी २०२४ रोजी राहुल नार्वेकर यांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना ठरवली आणि दोन्ही बाजूंच्या कुणालाही अपात्र केलं नाही. राष्ट्रवादीच्या बाबतीत पुढच्या महिन्यात तेच झालं. कुणीच अपात्र नाही, म्हणजे कुणाचंही मंत्रिपद अडत नाही, म्हणजे कुणालाही मतदाराकडे जायची गरज नाही. ज्या नेत्याने १९६९ साली मतदाराला पुन्हा विचारा म्हटलं, त्याच्याच राज्यात हे घडलं. पक्षांतराचा इतिहासही या राज्याला नवा नाही. १९७८ मध्ये शरद पवार वसंतदादा पाटील यांच्या सरकारातून बाहेर पडून पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) मुख्यमंत्री झाले, तेव्हा हा कायदाही नव्हता.

गोव्याच्या वाचकांना यात आश्चर्य वाटणार नाही. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. म्हणून २०२२ च्या निवडणुकीआधी पक्षाने उमेदवारांना देऊळ, क्रॉस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ जण गेले. दोन तृतीयांशाचा आकडा दोन्ही वेळा पुरा झाला होता, त्यामुळे कायदा त्यांच्याच बाजूने उभा राहिला. शपथेने जे जमलं नाही ते कायद्यानेच करावं लागेल.

*

पक्ष न फुटताही मतदार बेघर होतो. युती आणि आघाडीच्या जागावाटपात हे दर निवडणुकीला घडतं आणि त्याची फारशी दखल घेतली जात नाही.

२०१९ मध्ये लातूर ग्रामीणची जागा युतीत शिवसेनेकडे गेली. तिथे भाजपचे रमेश कराड वर्षानुवर्षं तयारी करत होते. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे धीरज देशमुख प्रचंड मतांनी जिंकले आणि दुसऱ्या क्रमांकावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ (नोटा) हा पर्याय होता, २७ हजार ५०० मतांचा. सेनेचा उमेदवार तिसरा. त्याच दिवशी सांगली जिल्ह्यातल्या पलूस-कडेगावमध्येही तेच झालं: काँग्रेसचे विश्वजित कदम पहिले, नोटा २० हजार ६३१ मतांसह दुसरी. ही जागाही सेनेला सुटलेली होती. दोन्ही ठिकाणी इतक्या हजारांनी एकच बटण आपापल्या मनाने, योगायोगाने दाबलं असं मानायला मी तयार नाही. आपला उमेदवार नाही, समोरच्याला द्यायचं नाही, आणि आपल्या नावावर आणलेल्यालाही द्यायचं नाही, अशी ती मतं होती. लातूरकडचे कार्यकर्ते याविषयी अजूनही दबल्या आवाजात बोलतात. २०२४ मध्ये कराड यांना भाजपची उमेदवारी मिळाली आणि त्यांनी धीरज देशमुखांना हरवलं.

नोटाचा अर्थ लातूरमध्ये लागला, कारण ती एका गटाने ठरवून वापरली आणि वरच्यांना तो निरोप वाचता आला. एरवी तिला दात नाहीत. २०१३ च्या आधी कुणालाच मत द्यायचं नसेल तर नियम ४९-ओ खाली केंद्राध्यक्षासमोर तसं सांगून नोंदवहीत सही करावी लागे. सगळ्या गावाला कळे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालात गुप्ततेचा हक्क मानला आणि यंत्रावर हे बटण आलं. मात्र लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी तिच्या खालचा उमेदवारच विजयी होतो. २०२४ च्या लोकसभेत देशभर एकूण मतांच्या जेमतेम एक टक्का मतं नोटाला गेली.

त्यात इंदूर वेगळं. होळकरांच्या या शहरात मराठी घरं पुष्कळ आहेत आणि तिथल्या निवडणुकीकडे आपण परकं म्हणून पाहत नाही. माघारीच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला. काँग्रेसने नोटाचं आवाहन केलं आणि २ लाख १८ हजार ६७४ लोकांनी ते बटण दाबलं. भाजपचे शंकर लालवानी पावणेबारा लाखांच्या फरकाने जिंकले. सुरतेत तर तेवढंही झालं नाही. काँग्रेसचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. मतदानच न झाल्यामुळे नोटा दाबायलाही कुणाला मिळाली नाही. बिनविरोध निवडीचं आपल्याकडे कौतुक होतं, ग्रामपंचायतीला बक्षीसही मिळतं. मला मात्र सुरतेच्या मतदाराचा हक्क हिरावला गेला असंच वाटतं.

नोटापेक्षा मोठं उत्तर सांगलीने दिलं. १९६२ पासून २०१४ पर्यंत सांगली लोकसभा काँग्रेसकडे होती. वसंतदादांचा हा जिल्हा. २०२४ मध्ये महाविकास आघाडीत कोल्हापूर शाहू महाराजांसाठी काँग्रेसला गेलं आणि सांगली ठाकरेंच्या शिवसेनेला. सेनेने कुस्तीगीर चंद्रहार पाटील यांना उभं केलं. सांगलीत सेनेची फारशी संघटना नाही हे शेंबडं पोरही सांगेल. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, लिफाफा चिन्ह घेऊन. काँग्रेसचा कार्यकर्ता दिवसा आघाडीच्या व्यासपीठावर आणि रात्री लिफाफ्याच्या प्रचारात असं चित्र होतं. विशाल पाटील लाखाच्या फरकाने जिंकले, आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा आला. निवडून येताच त्यांनी काँग्रेसला पाठिंबा दिला. मुंबईत आणि दिल्लीत बसून केलेलं जागावाटप सांगलीच्या मतदाराने दुरुस्त केलं. मात्र त्यामागे दादांचं घराणं होतं, साखर कारखान्यांचं जाळं होतं, नाव माहीत असलेला उमेदवार होता. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांचं काय?

*

त्यांचं काय, हे आंबेडकरी मतदाराला विचारावं. हा बेघरपणा त्याने बाकी सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा जास्त काळ सोसला आहे.

ऑक्टोबर १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. पक्ष लवकरच फुटला, पुन्हा पुन्हा फुटत राहिला, आणि प्रत्येक फुटीनंतर वस्तीतल्या माणसाला नेत्याच्या नावाचा गट निवडावा लागला. १९९८ मध्ये एकी झाली, काँग्रेसशी समझोता झाला आणि महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन खासदार निवडून आले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, मुंबई उत्तर-मध्यमधून रामदास आठवले, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे. चारही जागा खुल्या होत्या. ती एकी टिकली नाही. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीला लोकसभेला चाळीस लाखांवर मतं मिळाली आणि निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून या मतदाराला एकच बोल ऐकावा लागला: तुम्ही मतं खाल्लीत, तुमच्यामुळे भाजप आला. संविधान बदलण्याच्या भीतीने २०२४ च्या लोकसभेला यातले बरेच जण महाविकास आघाडीकडे गेले. त्याबद्दल त्यांना काय मिळालं, हे विधानसभेच्या जागावाटपात दिसलं नाही.

आपल्या पक्षाला मत दिलं की मतं खाल्ल्याचा आरोप, दुसऱ्याला दिलं की गृहीत धरलं जाणं. सवर्ण, मध्यमवर्गीय मतदाराला आता कुठे मत वाया गेल्याचा अनुभव येऊ लागला आहे. या वस्त्यांत तो तीन पिढ्यांचा आहे, आणि तरीही तिथे मतदानाला रांगा लागतात. मत हे घर सापडलं तरच द्यायचं असतं, असं त्या रांगेतल्या कुणालाही वाटत नाही. ते बाबासाहेबांनी मिळवून दिलेलं आहे, म्हणून द्यायचं. मला या भूमिकेपुढे मान झुकवावीशी वाटते.

रा. सू. गवई यांचे चिरंजीव भूषण गवई २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश होते. तेलंगणातल्या पक्षांतराच्या प्रकरणात त्यांच्या पीठाने ३१ जुलै २०२५ रोजी अध्यक्षांना तीन महिन्यांत निर्णय देण्याचा आदेश दिला, आणि अपात्रतेचं काम अध्यक्षांकडेच ठेवावं का, याचा संसदेने फेरविचार करावा असं सुचवलं. याच अपेक्षेचा उच्चार न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणातही केला होता. संसदेने अजून काही केलेलं नाही.

*

२०२५ मध्ये महापालिका निवडणुका पुन्हा दारात आल्या. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, छत्रपती संभाजीनगरची त्याआधी, एप्रिल २०२० मध्येच. तेव्हापासून प्रशासक कारभार पाहत होते. नगरसेवक नव्हते, सभागृह नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत दिली. संभाजीनगरमधल्या मतदाराने नगरसेवक निवडण्यासाठी त्याआधीचं मत २०१५ मध्ये दिलं होतं. राज्य फोडाफोडीत बुडालेलं असताना गल्लीतल्या गटाराविषयी ज्याला जाब विचारायचा तो माणूसच नाहीसा झाला. मला हा यातला सर्वांत गंभीर भाग वाटतो, आणि त्यावर सर्वांत कमी बोललं गेलं.

स्थानिक निवडणुकीत गोंधळ आणखी वाढतो. राज्यात एकत्र असलेले पक्ष शहरात एकमेकांविरुद्ध ‘मैत्रीपूर्ण’ लढतात. तरीही माझ्या मते बेघर मतदारासाठी ही निवडणूक चांगली संधी असते. पालिकेचा उमेदवार आपल्याला भेटू शकतो. मुंबईबाहेरच्या महापालिकांत बहुतेक प्रभागांतून चार नगरसेवक निवडायचे असतात आणि मतंही तितकीच द्यायची असतात. ती एकाच पक्षाला द्यावीत असा नियम नाही. शिवाय राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वांपेक्षा जास्त मतं पडली तर कुणालाही विजयी घोषित करता येत नाही, फेरनिवडणूक घ्यावी लागते. विधानसभेत नसलेला दात इथे आहे.

म्हणून वाचकांना विनंती आहे. तुमचा पक्ष राहिला नाही असं वाटत असेल तर पुढच्या स्थानिक निवडणुकीत घरी बसू नका. तुमच्या सोसायटीने, मंडळाने, महिला बचत गटाने आपापल्या प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांना एकत्र बोलवावं आणि सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारावा: निवडून आल्यावर पक्ष बदलायचा झाला, तर राजीनामा देऊन पुन्हा आमच्यापुढे उभे राहाल का? उत्तर लिहून घ्या आणि नाक्यावरच्या फलकावर लावा. गोव्याच्या शपथा मोडल्या हे खरं आहे, म्हणून हाच प्रश्न तुमच्या आमदार-खासदारांनाही पत्राने विचारा: पक्ष सोडणाऱ्याने आधी राजीनामा द्यावा, पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होऊ नये आणि हा निवाडा अध्यक्षांऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणाने ठराविक मुदतीत करावा, अशा घटनादुरुस्तीला तुमचा पाठिंबा आहे का? मागणीतला मंत्रिपदाचा भाग यशवंतरावांच्या समितीचा आहे, शेवटचा सर्वोच्च न्यायालयाचा. प्रभागाची प्रारूप यादी लागेल तेव्हा जाऊन तुमचं नाव त्यात आहे का, ते योग्य प्रभागात आहे का, हे स्वतः पाहा, आणि नसेल तर मुदतीत हरकत नोंदवा.